लिनक्स मिंट, एक पावसाळा वापरून

राजापूर तालुक्यातल्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय 'क' वर्गाचं, खोल्या दोन, कम्प्युटर एक. त्याच कम्प्युटरवर साडेचार हजार पुस्तकांची यादी, वर्गणीचा आणि अनामतीचा हिशेब, अनुदानासाठी लागणारे सगळे तक्ते आणि सभासदांची नोंद असते. नोंद म्हणजे नाव, पत्ता, फोन नंबर. संध्याकाळी गावातली मुलं याच कम्प्युटरवर भरतीचे अर्ज भरतात, निकाल बघतात, कुणी सातबारा काढतं.

मे २०२५ मध्ये या कम्प्युटरवर आम्ही विंडोज काढून त्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली (कम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) टाकली. एक पावसाळा, हस्ताच्या गडगडाटासकट, त्याच्यावर काढला. मिंटबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते 'फुकट आहे आणि जुन्या मशीनवर पळतं' एवढ्यावर थांबतं. मला लिहायचंय ते दोनच गोष्टींबद्दल. वीज गेल्या-आल्यावर कम्प्युटर काय करतो, आणि त्या वेळी त्याच्यातली माहिती कुणाला दिसू शकते? सेटिंगच्या यादीत या दोन गोष्टी वेगवेगळ्या चौकटीत मांडलेल्या असतात. आमच्यासारख्या ठिकाणी त्या एकच आहेत. हे मला कसं कळलं ते आधी सांगते.

मिंट टाकण्याआधी मशीनवर विंडोज १० होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने जाताना दोन सोयी करून दिल्या. रोज पासवर्ड घालायला नको म्हणून बटण दाबलं की थेट डेस्कटॉप उघडेल असं केलं, आणि लाइट येऊन-जाऊन असते म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज आली की आपोआप सुरू हो' असं ठेवलं. "बाई, आता तुम्हाला काही करायलाच नको," म्हणाला. मलाही बरं वाटलं होतं.

एका रविवारी वाचनालय बंद असताना पुढच्या खोलीत गावकीची बैठक होती. लाइट नव्हती, ती बैठकीच्या मध्येच आली. कोपऱ्यातला कम्प्युटर आपोआप सुरू झाला आणि कुणीही न सांगता डेस्कटॉपपर्यंत जाऊन थांबला. सोमवारी सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा स्क्रीनवर सभासदांची फाइल उघडी होती. कुणी उघडली, का उघडली, कळायला मार्ग नाही. पंधरा दिवसांनी एका सभासद मुलीची आई आली. मुलीला अनोळखी नंबरवरून फोन येत होते. "ताई, तिचा नंबर तुमच्याकडेच दिलाय, बाकी कुठे दिलेला नाही," म्हणाली. तो आमच्याकडूनच गेला असं मी म्हणू शकत नाही. नाही गेला असंही म्हणू शकले नाही. ती दारात उभी होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून मी दोन्ही सोयी एकत्र बघायला लागले. एकटी कुठलीच वाईट नव्हती. आपोआप सुरू होणं चालेल, पण मग पासवर्ड हवा. पासवर्ड नको असेल तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये.

मिंटकडे वळण्याचं तात्कालिक कारण मात्र साधं होतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा आय-थ्री चौथ्या पिढीतला. आठ जीबी रॅम आहे, जुनी हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकली आहे, म्हणजे मशीन कामाला धडधाकट, फक्त विंडोज ११ च्या नियमात बसत नाही. मिंटला दोन जीबी रॅम पुरते, चार असावी असं तेच सुचवतात. कार्यकारिणीने नव्या मशीनचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला आणि मला परवानगी मिळाली.

मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, हे मला मनापासून आवडलं. २००६ सालची पहिली 'एडा', आम्ही टाकली ती २२.१ म्हणजे 'झिया', सप्टेंबरात २२.२ आली ती 'झारा'. बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, आणि आमच्यासारख्या संस्थेला हे नावापेक्षा महत्त्वाचं.

उतरवून घेताना एक काम टाळू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या संकेतस्थळात कुणी तरी घुसलं होतं आणि डाउनलोडचा दुवा बदलून त्या जागी मागचं दार (बाहेरच्याला गुपचूप आत शिरायची वाट) ठेवलेली फाइल लावली होती. मिंटवाल्यांनी स्वतःच हे जाहीर केलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास उलट वाढला. पण त्यातून घ्यायची ती काळजी आपणच घ्यायची असते. उतरवलेल्या फाइलीची आकडे-अक्षरांची एक लांबलचक खूण असते, तिला चेकसम म्हणतात. ती संकेतस्थळावर दिलेल्या खुणेशी जुळवून बघावी. पाच मिनिटं लागतात. आमच्या भाच्याने हे करून दाखवलं, मी वहीत लिहून ठेवलं. बाकी पेनड्राइव्हवरून मशीनवर टाकायला अर्धा तास लागला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता वीज. मिंटच्या सेटिंगमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' उघडलं की डेस्कटॉप मशीनवर मोजक्याच ओळी दिसतात. किती वेळाने स्क्रीन बंद व्हावी, किती वेळाने मशीन झोपावं (त्याला तिथे सस्पेंड म्हटलंय), आणि पुढचं बटण दाबल्यावर काय व्हावं. विंडोजमध्ये हेच शोधायला सेटिंग, मग कंट्रोल पॅनेल, मग 'अॅडव्हान्स्ड' असं तीन खोल्यांतून जावं लागायचं. इथे एका खिडकीत काम भागतं.

स्क्रीन मी दहा मिनिटांवर ठेवली. सस्पेंड मात्र 'कधीच नाही'. याचं कारण नीट समजून घ्या, कारण वीजबचतीच्या सल्ल्यात हे सहसा येत नाही. सस्पेंडमध्ये मशीन जवळजवळ बंद असतं, पण उघडं काम रॅममध्ये धरून ठेवलेलं असतं, आणि रॅमला वीज लागते. ती गेली की काम गेलं. विंडोज डेस्कटॉपवर रॅमसोबत डिस्कवरही एक प्रत लिहून ठेवतं, त्यामुळे झोपेत लाइट गेली तरी परत आल्यावर काम सापडतं. मिंटमध्ये ही सोय आयती मिळत नाही. डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणारं हायबरनेटही आपलं आपण जुळवावं लागतं आणि ते माझ्या आवाक्यातलं नाही. वीज बेभरवशाची असेल तिथे या बाबतीत विंडोज पुढे आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मग विजेचं काय? वायरमनकडून प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर दोन दिवस आणला. नुसता सुरू असलेला सीपीयू ३८ वॅट, मॉनिटर १६ वॅट, सस्पेंडमध्ये सीपीयू ३ वॅट. आमचं वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असतं. पूर्वी त्या वेळात कम्प्युटर तसाच चालू राहायचा. ५४ वॅट, चार तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे साधारण साडेपाच युनिटं दर महिन्याला रिकाम्या खोलीत जात होती. आता बारा वाजता मी मशीन सरळ बंद करते. एसएसडीमुळे चारला पुन्हा सुरू व्हायला अर्धं मिनिटही लागत नाही, मग झोपवायचं कशाला? २२.१ पासून पॉवरच्या खिडकीत बचत, समतोल, जास्त वेग अशा तीन पद्धती निवडता येतात. आमच्या मशीनवर त्यांचा मीटरवर काही फरक दिसला नाही.

बटणाची ओळ लहान पण मोलाची. मुलं खुर्चीवर बसली की पाय सीपीयूच्या बटणाला लागतोच. ते 'काहीही करू नको' वर ठेवलं. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मशीन तरीही बंद होतं, ते कुठल्याच सेटिंगने अडत नाही. पण नुसत्या धक्क्याने आता होत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही सगळी सेटिंगं ज्या-त्या खात्यापुरती असतात. माझ्या खात्यात केलेली वाचकांच्या खात्याला लागू झाली नाहीत. दोन दिवस मी समजत होते की झालं, आणि तिसऱ्या दिवशी "काकी, कम्प्युटर बंद पडला!" अशी हाक आली. पाय लागला होता.

स्क्रीन बंद होणं आणि कुलूप लागणं या मिंटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या वापराच्या दृष्टीने मिंटमधली सगळ्यात मोठी उणीव हीच. स्क्रीन कधी काळी व्हावी ते 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये ठरतं. कुलूप कधी लागावं ते 'स्क्रीनसेव्हर'मध्ये. दोन्हीचे मिनिटांचे आकडे स्वतंत्र. समजा, स्क्रीन दहा मिनिटांनी काळी होते आणि कुलूप वीस मिनिटांनी लागतं. मधल्या दहा मिनिटांत मशीन बघणाऱ्याला बंद वाटतं, आणि माऊस हलवला की सभासदांची यादी समोर. काळी स्क्रीन बघून आपण निर्धास्त होतो, म्हणून हे उघड्या स्क्रीनपेक्षा जास्त धोक्याचं. मी कुलूप पाच मिनिटांवर ठेवलंय, काळोख दहावर. कुलूप नेहमी आधी, काळोख नंतर. स्क्रीनसेव्हरच्याच खिडकीत 'झोपवताना कुलूप लाव' अशीही एक ओळ आहे, तीही चालू ठेवा.

उठून जाताना हाताने कुलूप लावायची सवय असेल तर एक अडचण येईल. विंडोजची खूण असलेलं बटण आणि एल, ही जोडी बोटांत बसलेली असते. मिंटच्या सिनॅमन रूपात त्या जोडीने प्रोग्रामरांच्या कामाची एक खिडकी उघडते, कुलूप लागत नाही. तिथे कंट्रोल, ऑल्ट आणि एल. मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनीच जोडी कुलपाला दिली. नव्याने येणाऱ्यांसाठी ती आधीपासून तशी असायला हवी होती असं मला वाटतं.

खात्यांबद्दल मात्र मिंटचं तोंड भरून कौतुक. माझं खातं पासवर्डचं, आपोआप आत शिरणं बंद. शिपायासाठी वेगळं साधं खातं, त्याला काही नवीन टाकता किंवा काढता येत नाही. आणि मुलांसाठी पाहुण्यांचं खातं. 'लॉगिन विंडो'च्या सेटिंगमध्ये पाहुण्यांना परवानगी देणारं एक बटण आहे, मुळात ते बंद असतं. चालू केलं की पासवर्डशिवाय कुणीही बसू शकतं, आणि उठताना लॉगआउट केलं की त्याने केलेलं सगळं पुसलं जातं. पूर्वी दर आठवड्याला कुणाचा तरी ईमेल उघडा सापडायचा. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधार कार्डांचे फोटो, दहावीच्या मार्कशीट, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं साठलेली असायची. मी ती हाताने पुसत बसायचे आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, मी बघायच्या आधी आणखी कुणी बघितली असतील? आता पुसायला काही उरतच नाही.

याची दुसरी बाजू मुलांना आधीच सांगावी लागते. लाइट जाऊन मशीन बंद पडलं तरी पाहुण्याचं सगळं पुसलंच जातं. जूनमध्ये एका मुलीचा अर्ज भरून झाला होता, पावती उतरवली होती, आणि यूपीएस ढेपाळला. पावती गेली. अर्ज सरकारी संकेतस्थळावर सुरक्षित होता, पुन्हा उतरवता आला, पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. तेव्हापासून मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलाय: 'उतरवलेली फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्या, मग वाचा.'

यूपीएसचंही याच ओघात. आमचा ६०० व्हीएचा. बॅटरी नवी होती तेव्हा अर्धा तास निघायचा, आता बारा मिनिटं. मागे यूएसबी वायर असलेला यूपीएस घेतला तर त्याची बॅटरी किती उरली ते कम्प्युटरला कळतं आणि तो वेळेत स्वतःहून नीट बंद होऊ शकतो. आमच्या यूपीएसला ती वायर नाही. नवा घेताना व्हीए किती हे सगळे विचारतात, वायर आहे का हेही विचारा. तोवर लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं लिहिण्याचं आणि तक्त्यांचं सॉफ्टवेअर) आपोआप जपून ठेवण्याचा वेळ मुळात दहा मिनिटांचा असतो, तो मी तीनवर आणलाय.

वळवाच्या आणि हस्ताच्या विजांना यातलं काहीच पुरत नाही. गडगडायला लागलं की बंद करून प्लग काढायचा, आणि इंटरनेटची केबलही काढायची. शेजारच्या गावात केबलवाटे आलेल्या विजेने मदरबोर्ड जळलाय.

अपडेट मॅनेजर खालच्या पट्टीत ढालीच्या रूपात बसतो. तो कामाच्या मध्ये मशीन बंद करून घेत नाही, विचारतो. सुरक्षेचे अपडेट वेगळ्या खुणेने दाखवतो. मी शनिवारी सकाळी, लाइट स्थिर असेल तेव्हा, चहा येईपर्यंत उरकते. अपडेट चालू असताना वीज जाणं सगळ्यात वाईट. त्यासाठी 'टाइमशिफ्ट' आहे, तो प्रणालीचे टप्पे जपून ठेवतो आणि बिघडलं तर मागच्या टप्प्यावर नेतो. इथे फसू नका: टाइमशिफ्ट आपल्या फाइली जपत नाही. पुस्तकांची यादी त्यात येत नाही. तिची प्रत मी दर शुक्रवारी वेगळ्या हार्डडिस्कवर घेते आणि ती हार्डडिस्क घरी नेते.

फायरवॉल आत आहे पण मुळात बंद. उघडून चालू करायची, 'पब्लिक' निवडायचं, संपलं. ती पहिल्यापासून चालू का ठेवत नाहीत ते मला पटलेलं नाही.

मिंट सगळ्यांसाठी नाही. ज्यांचं काम हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर चालतं त्यांनी विंडोजच धरावं. आमची जुनी यादीही युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती, ती बदलून घेण्यात एप्रिल महिना गेला. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड मिंटमध्ये आहे, ते येत असेल तर अडचण नाही.

राहिलं बायोस, आणि ते मिंटच्या हातात नाही. 'वीज आल्यावर' या ओळीत तीन पर्याय असतात: बंद राहा, सुरू हो, जसा होतास तसा हो. मी 'बंद राहा' निवडलं. पण हे सेटिंग मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलवर जगतं, सीआर२०३२. सेल संपला की सेटिंगं मूळपदावर जाऊ शकतात. आमचा संपला होता, कारण मशीनचं घड्याळ सारखं मागे जायचं आणि इंटरनेट लागायच्या आधी तारीख चुकलेली दिसायची. घड्याळ चुकायला लागलं तर नुसतं घड्याळ लावू नका. सेल बदला आणि बायोसमध्ये जाऊन सगळं पुन्हा तपासा.

आणि एक उघडं दार अजून आहे. मिंट सुरू होताना 'रिकव्हरी' नावाचा रस्ता निवडता येतो, आणि तिथून पासवर्डशिवाय पूर्ण अधिकार मिळतात. पेनड्राइव्हवरून दुसरं मिंट सुरू करूनही आमची डिस्क वाचता येते. खरा उपाय म्हणजे मिंट टाकतानाच सगळी डिस्क एन्क्रिप्ट करणं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी करणं. मग दर वेळी सुरू करताना आधी डिस्कचा पासवर्ड लागतो, आणि मी रजेवर असले तर शिपाई वाचनालय उघडूनही कम्प्युटर सुरू करू शकणार नाही. कार्यकारिणीत यावर तास गेला. शेवटी असं ठरलं: डिस्क तशीच ठेवायची, पण सभासदांची फाइल लिब्रेऑफिसमध्ये पासवर्ड घालून जपायची. पेनड्राइव्हवरून सुरू होणं बायोसमध्ये बंद करायचं आणि बायोसला पासवर्ड घालायचा.

तो बायोसचा आणि फाइलीचा पासवर्ड एका पाकिटात, लाखेने बंद करून, कार्यवाहांच्या कपाटात ठेवला आहे. पाकिटावर तारीख आणि माझी सही आहे. त्या मुलीच्या आईला मी बोलावून ते पाकीट आणि कपाट दाखवलं. तिने मुलीचं नाव पुन्हा सभासदांत घातलं, नंबर मात्र स्वतःचा दिला.